वादळाबरोबर आलेल्या पाखरासाठी वहीत एक पान ठेवा

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समिती,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या किनाऱ्यावरच्या सर्व ग्रामपंचायती

स. न. वि. वि.

तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात ‘लोक जैवविविधता नोंदवही’ नावाचं एक बाड असणार. सवड काढून ते एकदा खाली उतरवा आणि पक्ष्यांचं पान उघडा. काही गावांत मी ते पाहिलं आहे. कावळा, चिमणी, घार, बगळा, खंड्या, पोपट. पुढच्या रकान्यात ‘आढळ : सर्वत्र’, त्याच्या पुढच्यात ‘उपयोग : नाही’. तारखेचा पत्ता नाही. कुणी पाहिला, कुठे पाहिला, किती होते, काही नाही. एका खाडीकाठच्या गावाच्या वहीत तर मला माळढोक भेटला. कोकणात, खारफुटीच्या शेजारी, माळढोक! ती यादी घाटावरच्या कुठल्यातरी गावातून जशीच्या तशी उतरून आली असावी.

हे कसं झालं ते तुम्हालाही ठाऊक आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याच्या कलम ४१ प्रमाणे समिती नेमायची आणि वही करायची, हे काम बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं पडून राहिलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि ती चुकवणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. त्यासरशी देशभर वह्या धडाधड तयार झाल्या आणि घाईच्या कामाला येते ती कळा त्यांना आली. त्यावरून कुणाला धारेवर धरण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. या वहीची कल्पना माधव गाडगीळ यांनी मांडली ती गावकऱ्यांनी आपल्या माहितीतून लिहायची आणि सतत भर घालत राहायची वही म्हणून. तशी ती अजूनही करता येईल. सगळी नव्याने लिहा असंही मी म्हणत नाही. मागच्या बाजूला दहा-वीस कोरी पानं जोडा आणि वर लिहा : ‘अनोळखी आणि अवचित आलेले पक्षी’.

पक्षीच का, आणि तेही अवचित आलेलेच का, असा प्रश्न कुणीतरी विचारेल. आपल्या गावांपुरतं त्याचं उत्तर पावसाळ्यात आहे.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या, जाळी माळ्यावर, समुद्रावर चिटपाखरू नाही असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पाखरं याच दिवसांत असतात, फक्त ती पाहायला तिकडे कुणी नसतं. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की ओमान-सोमालियाच्या बाजूला खोलातलं थंड पाणी वर येतं, त्याबरोबर मासळीचं खाद्य वर येतं, मासळी गोळा होते आणि तिच्यामागे समुद्री पक्ष्यांचे थवेच्या थवे. हे पक्षी जमिनीला पाय लावतात ते विणीपुरते. एरवी त्यांचं सगळं आयुष्य पाण्यावर जातं. वारा चार-सहा दिवस सलग घोंघावत राहिला, की त्यांच्यातले दमलेले, उपाशी, पुष्कळदा अंगावरची पहिलीच पिसं असलेले पक्षी भरकटत आपल्या किनाऱ्याला लागतात. आंजर्ले, गावखडी, तांबळडेग, वायंगणी, कुठेही. चक्रीवादळ आलं तर विचारायलाच नको. नोव्हेंबर २००९ चं फयान, ३ जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते. छपरं किती उडाली, माड किती पडले, होड्या किती फुटल्या, याचे पंचनामे दफ्तरी आहेत. त्या वाऱ्याने किनाऱ्यावर काय काय आणून टाकलं याचा कागद तुमच्याकडे आहे का?

जे येतं ते कुठून येतं ते पाहा. मास्क्ड बूबी नावाचा बदकाहून मोठा, पांढराशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या असलेला पक्षी आपल्याकडे पावसाळ्यात अधूनमधून सापडतो. त्याच्या विणीची आपल्याला जवळची जागा म्हणजे ओमानच्या दक्षिणेची कुरिया मुरिया बेटं. पाठीवर कोळशासारखा काळा असलेला सूटी टर्न आणि तपकिरी नॉडी यांची वीण लक्षद्वीपमधल्या पित्ती नावाच्या एका उजाड वाळूच्या बेटावर होते. आणि विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हे वजनाने आपल्या बुलबुलाएवढं काळं पाखरू तर अंटार्क्टिका आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर अंडी घालतं, तिकडे हिवाळा पडला की विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रात येतं. पाण्यावर पाय टेकवत, जवळजवळ चालत असल्यासारखं उडतं. त्याच्या चोचीवर, बुंध्याशी, नळीसारखी नाकपुडी असते. समुद्राचं पाणी पिऊन अंगात गेलेलं जादा मीठ या वाटेने बाहेर पडतं. बोटांमधला पडदा पिवळा. हा पिवळा रंग बोटं फाकवल्याशिवाय दिसत नाही, आणि पंजा मिटलेल्या पाखराचा दहा फुटांवरून काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी तो दाखवू शकत नाही.

म्हणजे गावच्या पुळणीवर सकाळी कुत्र्यांनी ओढत नेलेलं जे काळं काहीतरी असतं, ते कदाचित दक्षिण ध्रुवाकडून आलेलं असतं. आपण त्याला ‘मेलेला कावळा’ म्हणून पुढे जातो.

सगळेच पाहुणे लांबचे असतात असंही नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर ब्रायडल्ड टर्न हे सुरय वीण करतात, तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी आहेत. ए. ओ. ह्यूम हा ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ १८७५ मध्ये त्या खडकांवर उतरला होता आणि तिथे जे दिसलं ते त्याने लिहून ठेवलं. हुमायून अब्दुलाली तिथे जाऊन आले आणि १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये त्यांनी या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं. आज कुणाला तिथली वीण वाढली की घटली हे पाहायचं असेल तर या कागदांपासूनच सुरुवात करावी लागते. त्या काळात वेंगुर्ल्यातल्या खलाशांनी याहून कितीतरी जास्त पाहिलं असणार. ते त्यांच्याबरोबर गेलं.

आता आपली आजची पद्धत. मागे एका पावसाळ्यात एका फ्रिगेट पक्ष्याचा फोटो माझ्या मोबाइलवर आला. वाळूवर पंख पसरून बसलेला, मागे निळी ताडपत्री. पहिल्या ग्रुपवर खाली लिहिलं होतं ‘आज सकाळी आचरा’. दुसऱ्या दिवशी तोच फोटो ‘हर्णे बंदर’ म्हणून आला. आठवडा गेला आणि तो गोव्याचा झाला. मूळ फोटो कुणी काढला हे शोधत मी दोन-तीन फोन केले, प्रत्येकाने ‘मला पुढून आला’ म्हणून सांगितलं. पक्षी खरा, फोटो खरा, आणि तरी त्याचा उपयोग शून्य. कुठला, कधीचा, काहीच सांगता येत नाही. त्यातून फोटो फक्त पाठीचा. फ्रिगेटच्या जाती ओळखायच्या तर पोट आणि काख दिसावी लागते. लेसर फ्रिगेटच्या काखेत पांढरा पट्टा शिरलेला असतो. त्या पक्ष्याभोवती जमलेल्यांपैकी एकाने जरी खाली वाकून दुसरा फोटो घेतला असता तर काम झालं असतं.

व्हॉट्सअॅपवरून फोटो साधा पाठवला की त्यातली तारीख-वेळेची अंतर्गत माहिती गळून जाते, हेही बहुतेकांना माहीत नसतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. ग्रामपंचायतीच्या संगणकावर एक फोल्डर करून मूळ फोटो तिथे टाकणं त्याहून बरं.

चुकीच्या तारखेने आणि चुकीच्या जागेने काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड ह्यूमनेच १८७३ मध्ये शास्त्राला सांगितलं. त्यानंतर खानदेशात आणि आणखी एक-दोन ठिकाणी त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले, शेवटचा १८८४ मध्ये. पुढे पक्षी दिसेनासा झाला. मात्र संग्रहालयात एक नमुना होता, त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, गुजरात, १९१४. गोळा करणाऱ्याचं नाव कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. विसाव्या शतकातली ती एकमेव नोंद, त्यामुळे शोधणाऱ्यांचं लक्ष साहजिकच तिकडे गेलं आणि पक्षी काही मिळाला नाही. पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळलं, की तो जुन्या नमुन्यांपैकीच एक चोरून, नव्याने पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. खोटी चिठ्ठी बाजूला सारून त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट अशा तिघांनी जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ रानपिंगळा समोर फांदीवर बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी. पुढे तो मेळघाटात दिसला, २०१४ मध्ये तर मुंबईच्या उशाशी, तानशाच्या जंगलात.

गावातला कुणी माइनर्ट्झहागेन नसतो, तिथे घोटाळा बहुधा उत्साहापोटी होतो. ‘कालचा’ फोटो ‘आजचा’ म्हणून टाकला की जास्त लाइक येतात एवढंच. पण वहीत शिरल्यावर खोटेपणाने आलेली आणि उत्साहाने आलेली चूक सारखीच वागते.

म्हणून वहीत काय लिहायचं ते थोडं खोलात सांगतो.

तारीख आणि वेळ. पाहिल्याची, वहीत लिहिल्याची वेगळी. जागा अशी, की परगावचा माणूस तिथे जाऊन उभा राहू शकेल : ‘समुद्रकिनारी’ पुरेसं नाही, ‘खाडीच्या तोंडापासून दक्षिणेला, स्मशानाच्या पुढे, भरतीच्या रेषेवर’ हे बरं, मोबाइलवर नकाशातली जागा काढून ठेवली तर उत्तमच. जिवंत की मेलेला. मेलेला असेल तर ताजा की वाळलेला. त्याआधी वारा किती दिवस होता आणि कुठला होता. हे तर तुमच्या गावातला कुठलाही तांडेल वेधशाळेपेक्षा बरं सांगेल. पिसांना तेल किंवा डांबर लागलं होतं का, हे जरूर. पावसाळ्यात आपल्या पुळणीवर डांबरगोळे येतात, आणि त्याच आठवड्यात तेल लागलेला पक्षी आला असेल तर त्या दोन गोष्टी एका पानावर असायला हव्यात.

फोटो चार-पाच बाजूंनी हवेत. पाठ, पोट, डोक्याची बाजू अगदी जवळून, पसरलेल्या पंखाची वरची आणि खालची बाजू, शेपटीचा बुंधा आणि पाय. शेजारी पट्टी, नसेल तर पाच रुपयांचं नाणं. शेपटीच्या बुंध्यावर एवढा भर का, तर स्टॉर्म पेट्रेलमध्ये विल्सन्सची कंबर पांढरी असते आणि स्विन्होजची सगळी काळपट. डोक्याचा फोटो जवळून का, तर सूटी टर्नच्या कपाळावरचा पांढरा डाग डोळ्याशी थांबतो आणि ब्रायडल्डची पांढरी भुवई डोळ्याच्या मागे जाते. एवढ्याशा फरकावर पक्षी वेंगुर्ल्याच्या खडकावरचा शेजारी की दूरच्या बेटावरचा पाहुणा हे ठरतं.

पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली कडी असेल तर तिच्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवून घ्या आणि कडीचाही फोटो काढा. बीएनएचएसच्या कड्यांवर सोसायटीला कळवा असं इंग्रजीत कोरलेलं असतं. परदेशी कडी असली तरी तिथे कळवलं की ती पुढे जाते. पक्ष्यांना कड्या घालायचं काम या संस्थेने १९२७ मध्ये सुरू केलं, आणि हजारो पक्ष्यांना घातलेल्या कड्यांपैकी फार थोड्या पुन्हा कुणाच्या हाती लागतात. तुमच्या गावी लागली तर तेवढ्यासाठी एक फोन करायला हरकत नसावी.

आणि ओळख पटली नाही तर ‘ओळख पटली नाही’ असं लिहा. यात कमीपणा नाही. गावातली जाणती माणसं पक्ष्याला काय म्हणतात तेही लिहा. रापणीवरचे म्हातारे ‘ह्या पाखरू आमच्या हयला न्हय’ एवढं जरी म्हणाले तरी ते मोलाचं. पन्नास वर्षं रोज समुद्र पाहिलेल्या माणसाने हा पक्षी यापूर्वी पाहिलेला नाही, हीच मुळात नोंद आहे. नंतर कुणी जाणकाराने ओळख सांगितली तर ती खाली वेगळ्या शाईने, त्याच्या नावानिशी लिहावी. आधीचं खोडू नये.

जिवंत पक्ष्याबद्दल दोन शब्द, कारण इथे माणसं चांगल्या मनाने त्याचा जीव घेतात. समुद्राचा पक्षी म्हणून त्याला उचलून पुन्हा लाटेत सोडतात. तो दमलेला असतो, पुष्कळदा त्याच्या पिसांना पाणी धरलेलं असतं, तो बुडतो. चोचीत पाणी ओतणं, मासे कोंबणं, सेल्फीसाठी पंख ताणणं, हे सगळं बंद. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जिवंत असेल तर वर सांगितलेल्यांतले सहज निघतील तेवढेच फोटो घ्या, बाकीचे राहू द्या. बूबीची चोच डोळ्याच्या नेमाने येते, तेव्हा चेहरा लांब. पक्षी घरी पाळायचा नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. मेलेल्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून हे आपल्याला माहीत असायला हवं. प्लास्टिकची पिशवी हातात घालून फोटो घ्या. दुर्मीळ वाटला तर पुरण्याआधी वन खात्याला विचारा. मेलेला पक्षीही त्यांच्यामार्फत संग्रहात जाऊ शकतो आणि तिथे तो शंभर वर्षं टिकतो.

हे सगळं वहीपुरतं. गावाबाहेर काय जाऊ द्यायचं हा प्रश्न निराळा, आणि इथे समितीने थोडं कडक व्हावं असं माझं मत आहे. वादळाने आलेला पक्षी दोन दिवसांत जातो किंवा मरतो, त्याची जागा सांगितल्याने बिघडत नाही. पण काकणाचं, म्हणजे समुद्री गरुडाचं, घरटं कुठल्या सुरूवर आहे, पाकोळ्यांची गुहा कुठली, हे वहीत असावं आणि फेसबुकवर नसावं. मोठ्या लेन्सा घेऊन आलेली मंडळी घरट्याखाली तळ ठोकतात आणि गरुड घरटं सोडून देतो. आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या जमातीत याबद्दल दोन तट आहेत. मी दडवून ठेवणाऱ्यांच्या तटात आहे.

ई-बर्डवर मात्र जरूर टाका. पक्ष्यांच्या नोंदी इंटरनेटवर ठेवण्याची कॉर्नेल विद्यापीठाची ही सोय २००२ पासून चालते, फुकट आहे, मोबाइलवरून भरता येते. वेगळा पक्षी लिहिला की त्या भागातला परीक्षक तपशील मागतो. काहींना त्याचा राग येतो, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणतात. अहो, त्याने विचारायलाच हवं. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा अहवाल तीस हजारांवर निरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे, आणि त्यात पावसाळ्यातल्या समुद्राची बाजू लंगडी राहते ती आपण किनाऱ्यावरचे लोक लिहीत नाही म्हणून. ज्यांना हे जमत नाही त्यांनी वहीत लिहावं. शाळेतली मुलं ते पुढे चढवतील.

‘आमच्या गावात कुणी तज्ज्ञ नाही’ असं मला हमखास ऐकावं लागतं. वेळासला तरी कुठे होता? २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्रच्या मंडळींना तिथे कासवाची घरटी सापडली आणि गावातली माणसं पहाटे पुळणीवर फिरू लागली. कुठल्या रात्री कासव आलं, किती अंडी, कधी पिल्लं बाहेर पडली, हे लिहिता लिहिता ती तयार झाली. आज तीच कासवमित्र मंडळी कितीतरी किनाऱ्यांवर फिरतात. त्यांचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन मेपर्यंत संपतो. पुढचे चार महिने त्यांनाच वादळानंतरची एक फेरी मारायला सांगता येईल, थोडं मानधनही देता येईल. गावाला यातून पैसा सुटेल का? नाही. पर्यटन वगैरे स्वप्नं कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नका, जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात मेलेला पक्षी पाहायला कोण येतंय. उद्या समोर एखादा प्रकल्प आला, तेलगळती झाली, आणि ‘इथे आधी काय होतं’ असं कुणी विचारलं, तर तारीखवार लिहिलेली वही तुमच्या हातात असेल, एवढाच व्यवहार.

१ मेच्या ग्रामसभेत मांडता येईल असा मसुदा सोबत देतो :

‘मौजे ________ येथील लोक जैवविविधता नोंदवहीस “अनोळखी व अवचित आलेले पक्षी” या नावाची पुरवणी जोडण्यात यावी. प्रत्येक नोंद दिनांक, वेळ, जागा, पाहणाऱ्याचे नाव, वर्णन व छायाचित्रासह शक्यतो सात दिवसांत घ्यावी. ओळख न पटल्यास तसे लिहावे. कोणतीही नोंद खोडू नये, दुरुस्ती खाली स्वतंत्र करावी. घरट्यांच्या जागा समितीच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नयेत. जून ते सप्टेंबर या काळात मोठ्या वाऱ्यानंतर किनाऱ्याची पाहणी करण्यासाठी दोन व्यक्तींची नेमणूक करावी.’

शब्द तुमच्या सोयीने बदला. रकाने आखलेला कोरा कागद मी तयार केला आहे, मागेल त्या ग्रामपंचायतीला माझ्या खर्चाने छापून देईन. देवगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत स्वतः आणून पोचवीन, त्यापलीकडे पोस्टाने. होड्या वर यायच्या आत कळवलंत तर पहिल्या वाऱ्याआधी कागद तुमच्या हातात पडतील.

कळावे,

आपल्याच किनाऱ्यावरचा
एक पक्षीनिरीक्षक